उन्हाळ्यात घराजवळचा माळ कसा बघायचा

परीक्षा संपल्या की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. एप्रिल-मे म्हणजे आमच्या धंद्याचे मंदीचे महिने. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका रिकाम्या एप्रिलमध्ये मी घरामागचा माळ बघायला लागले आणि तेव्हापासून एकही उन्हाळा सोडलेला नाही. दुकानात येणाऱ्या पोरी, गल्लीतल्या बायका आता विचारतात, 'आम्हालाही बघायला शिकवा की.' त्यांना तोंडी जे सांगते, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा प्रपंच.

पहिलं सांगणं, लांब जाऊ नका. पन्हाळा, दाजीपूर, गगनबावडा सगळं सुंदर आहे, पण तिथं तुम्ही महिन्यातून एकदा जाणार आणि उन्हाळ्यात झाडं आठवड्याला रूप पालटतात. आमच्या कोपऱ्यावरचा पिंपळ एखाद्या सोमवारी पार खराटा झालेला असतो. त्याच शनिवारी त्याला तांबूस, तुकतुकीत पालवी फुटलेली असते. आणखी पंधरा दिवसांनी बघावं तर हा तोच पिंपळ का, असं वाटावं इतका हिरवागार. हे बघायचं तर झाड रोजच्या वाटेवरचं पाहिजे.

आम्ही कोल्हापुरात सुभाषनगरच्या पुढं, आर. के. नगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत राहतो. शेंडा पार्कचा मोकळा माळ चालत पाच मिनिटांवर. माझी फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे. घरामागचा रिकामा प्लॉट, तिथून गटारीच्या कडेची करंजांची रांग, मग माळाचा एक कोपरा, एक जुना वड आणि परत येताना एका बंगल्याच्या कुंपणातला बहावा. नऊ वर्षं हीच वाट, हीच झाडं.

हे वेड मला लावलं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्या राधानगरीकडच्या. शहरात राहायला आल्या तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात गॅलरीत बसून समोरचा प्लॉट बघत बसायच्या. मी एकदा म्हटलं, 'काय बघताय आत्याबाई, सगळं वाळून गेलंय.' तर म्हणाल्या, 'वाळलंय कुठं? दम खातंय ते. खाली जाऊन जवळनं बघ जरा.' मी गेले. त्या प्लॉटवर त्या दिवशी आम्हाला फुलावर असलेल्या सात वनस्पती सापडल्या. त्यातल्या पाचांची नावं त्यांना ठाऊक होती.

तुमची फेरी ठरवताना चार गोष्टी मिळतात का बघा: एक जुनं झाड, एक कुणी न झाडलेला प्लॉट, एक ओल असलेली जागा आणि एक असं झाड ज्याला खालून फांदीपर्यंत हात पोचतो. ओलीची जागा म्हणजे नदी-तळंच पाहिजे असं नाही. सार्वजनिक नळाचं डबकं, सांडपाण्याची चर, गळका पाइप, काहीही चालतं. पेठेत राहणाऱ्यांनी नाराज होऊ नये. मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत पिंपळ आणि उंबर कसे उगवतात ते बघण्यासारखं असतं. पक्षी फळ खाऊन भिंतीवर बसतो, बी विष्ठेतून पडतं आणि चुन्याच्या भेगेत रुजतं. मे महिन्यातल्या त्या तापलेल्या भिंतीवर बोटभर पिंपळ हिरवा कसा राहतो, याचा विचार करत मी एकदा पंचगंगा घाटावर अर्धा तास बसले होते. रंकाळा तलावाजवळ राहत असाल तर तुमच्यासारखं भाग्य कुणाचं नाही. पाणी उतरत जातं, पाण्यातला संध्यामठ उघडा पडत जातो आणि काठावरच्या उघड्या पडलेल्या गाळात जलपिंपळी पसरते. तिच्या बोंडासारख्या इवल्या फुलांवर नखाएवढी निळी फुलपाखरं बसतात. ती बघायला मात्र उकिडवं बसावं लागतं.

वेळ सकाळची. मेमध्ये आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. मी सहाला बाहेर पडते आणि आठ वाजता घरात असते. त्याच्या पुढचं ऊन डोक्यावर घेण्यात काही शहाणपण नाही. तिसऱ्या वर्षी एकदा बहाव्यापाशी उभी राहण्याच्या नादात अकरा वाजले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि करंजाखाली मटकन बसले. समोरच्या घरातल्या आजींनी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून दिलं, म्हणून निभावलं. तेव्हापासून घड्याळ बघते. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा तासभर जाता येतं. दुपारचं निरीक्षण करायचं ते खिडकीतून.

सामान फार लागत नाही. सुती ओढणी, पाण्याची बाटली, पायात बंद बूट. चपला घालून माळावर जाऊ नका. वाळल्या पाचोळ्यात आणि दगडाच्या सांदीत घोणस असू शकते, आणि ती दिसत नाही. दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेनची शाई घामानं पसरते, पेन्सिल टिकते. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं साधं भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, ते घ्या. मोबाइल आहेच. नाव सांगणारी ॲपं वापरायला हरकत नाही, पण त्यांच्यावर विसंबू नका. नुसत्या पानाच्या फोटोवरून ती कधी कधी धादांत चुकीचं नाव देतात. फूल, पान वरून, पान खालून, खोड आणि अख्खं झाड असे पाच फोटो काढून ठेवले की पुढं कुणालाही विचारता येतं.

आता काय बघायचं ते. मी सुरुवात नेहमी रिंगणीपासून करायला सांगते.

रिंगणी, कुणी भुईरिंगणी म्हणतं. एप्रिलमध्ये प्लॉटवरचं गवत पिवळं पडून मोडलेलं असतं, मुरूम तापलेला असतो आणि त्यात ही जमिनीला चिकटून ताटाएवढी पसरलेली असते. पानांवर, शिरांवर, देठांवर सगळीकडं पिवळट सरळ काटे. बकरी तोंड लावत नाही. फूल जांभळं, पाच पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, मधोमध पिवळेधमक पाच पुंकेसर एकत्र येऊन शंकूसारखे उभे. कच्चं फळ हिरवं, त्यावर पांढऱ्या रेघा. पिकलं की पिवळं, गोटीएवढं. वांग्याच्या घराण्यातली आहे हे फूल बघितल्याबरोबर कळतं. परसात वांगं असेल तर दोन्ही फुलं शेजारी धरून बघा.

आता भिंगातून त्या पिवळ्या केसरांचं टोक बघा. तिथं बारीक भोकं असतात. इतर बहुतेक फुलांत परागकण केसर उकलून बाहेर येतात, इथं ते आत कोंडलेले असतात आणि त्या भोकांतूनच बाहेर पडतात. मिठाची डबी असते ना, भोकांची, हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसंच. मग हलवतं कोण? पावणेसात-सातला ऊन जरा चढलं की फुलापासून हातभर अंतरावर बसा आणि हालचाल करू नका. पोटावर फिकट निळे पट्टे असलेली एक माशी येते, नाही तर काळा भुंगा येतो. उडत येताना त्याचा आवाज आपल्या ओळखीचा असतो. फुलावर बसून केसरांना मिठी मारली की पंख थांबतात आणि आवाज एकदम चढतो. बारीक, तुटक, खर्रर्र... खर्रर्र. अंगाचे स्नायू थरथरवून तो केसर हलवत असतो आणि पराग भोकांतून त्याच्या पोटावर उडतात. मग तो उडतो, आवाज पुन्हा खाली येतो. नुसत्या कानानं कळतं, आता बसला, आता उठला. आपली मधमाशी हे करू शकत नाही. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ओळीनं अकरा फुलांवर तोच आवाज ऐकत बसले होते. शेजारच्या बांधकामावरचे मामा येऊन विचारून गेले, 'काय हुडकालाय वैनी, कानातलं पडलं काय?' त्यांनाही बसवून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं, की दोडक्यावर येतोय तो भुंगा असा आवाज करत नाही. हे खरं निरीक्षण.

खेड्यात दातदुखीवर रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायचे, हे आत्याबाई सांगायच्या. ते ऐकून वहीत लिहून ठेवा, करून बघू नका.

रिंगणीनंतर रुई. प्लॉट आहे तिथं रुई आहेच. शनिवारी मारुतीला माळ घालायला लोक पानं तोडून नेतात, तरी ती भर उन्हाळ्यात फुलते. पानाला बोट लावा, पांढरी पूड हाताला लागते. ती पूड आणि जाड पान यांमुळं तिचं पाणी टिकतं. देठ मोडू नका. चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते, लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगा. पान उलटून बघताना नशीब असेल तर एक सुरवंट दिसेल, अंगावर काळ्या-पांढऱ्या कड्या, पिवळे ठिपके आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान खाण्याआधी तो शिरेला चावा घेऊन ठेवतो, चीक तिथंच वाहून जातो आणि मग पुढचा भाग निवांत खातो. त्याचं पुढं नारिंगी फुलपाखरू होतं, पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. रुईचं फळ तडकलं की कापूस लावलेलं बी उडत येतं, ती आपली म्हातारी. लहानपणी तिच्यामागं पळालो, पण ती कुठल्या झाडाची, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीची बारीक मंडळी एकेका ओळीत सांगते. एकदांडीचं फूल वर्षभर असतं, कडक उन्हात फुलपाखरांना तेवढाच आधार. घोळीची पिवळी फुलं सकाळच्या उन्हात उघडतात आणि दुपारी मिटतात, त्यामुळं उशिरा जाणाऱ्याला ती दिसत नाहीत. पिवळा धोत्रा मेक्सिकोकडून आलेला, काटेरी, त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि विषारी असतं. गाजर गवताला हात लावू नका, अंगाला खाज सुटते. आणि कुंपणावर तपकिरी, मखमली, इंग्रजी एस आकाराच्या शेंगा लटकलेल्या दिसल्या तर चार हात लांब राहा. ती खाजकुयली. वाऱ्यानं तिची लव उडाली तरी जीव नकोसा होतो.

झाडांसाठी वेगळी पद्धत. दहा-बारा झाडं निवडायची, प्रत्येकाला वहीत एक पान द्यायचं आणि फक्त तारखा लिहायच्या: पानं गळाली, पालवी आली, पहिली कळी, पहिलं फूल, भर बहर, फळ. बाकी वर्णन नंतर. माझ्या वहीतला क्रम साधारण असा असतो. फेब्रुवारीच्या शेवटी पळस, पांगारा, काटेसावर, तिन्ही निष्पर्ण आणि तिन्ही लाल. मार्चमध्ये वावळ्याच्या पापड्या, चपट्या, गोल, मधोमध बी असलेल्या, वाऱ्याबरोबर दारात येऊन पडतात. पाडव्याच्या आसपास कडुलिंबाचा मोहर. त्याचा वास दिवसा लागत नाही इतका रात्री नऊनंतर लागतो. एप्रिलमध्ये बहावा, शिरीष, तामण. तामण म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल, पण शंभर माणसांत पाचांनाही ते दाखवता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. चुरगाळलेल्या जांभळ्या क्रेप कागदासारख्या सहा-सात पाकळ्या, एवढी खूण पुरे. मेमध्ये गुलमोहर आणि पीतमोहर. गुलमोहर मूळचा मादागास्करचा.

करंजाकडं मात्र खास लक्ष द्या. मार्च-एप्रिलमध्ये बाकी सगळं भुंडं असताना करंजाला अशी पोपटी पालवी येते की डोळे निवतात. मग फुलं. सकाळी झाडाखाली गुलाबीसर पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो, पाय ठेवायला जीव होत नाही. पावसाला दीड-दोन महिने बाकी असताना झाड नवी पानं का काढतं? मुळं खोल गेलेली असतात, खालची ओल त्यांना मिळते आणि पाऊस येईपर्यंत पानं तयार असली की पहिल्या दिवसापासून अन्न तयार करता येतं. कोवळी पानं पुष्कळ झाडांची तांबडी असतात, पिंपळाची, आंब्याची, जांभळाची. तो लाल रंग कोवळ्या पानाला उन्हापासून जपतो. हिरवा रंग भरला की त्याची गरज संपते.

बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असं म्हणतात. माझ्या वहीत पहिलं फूल आणि पहिला मोठा पाऊस यांतलं अंतर एका वर्षी ४१ दिवसांचं आहे, एका वर्षी ६८ चं. आता यावरून काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण तारखा लिहिल्यामुळं निदान बोलता येतं. बहाव्याच्या फुलातले तीन केसर लांब, वाकडे, पुढं आलेले असतात, बाकीचे आखूड. भुंगा आखूड केसरांशी झटतो आणि लांब केसरांचा पराग त्याच्या पाठीला लागतो. कान द्या. रिंगणीवर ऐकलेला तोच चढा आवाज इथंही येतो.

प्रत्येक बहरलेल्या झाडाखाली दहा मिनिटं उभं राहून किती प्रकारचे पाहुणे येतात ते मोजायचं, हा माझा आवडता उद्योग. आठवड्यातून एकदा, त्याच वेळेला. वडाला आणि उंबराला फळं असताना तर तासही पुरत नाही. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी. तो पानांत इतका मिसळून जातो की फळ खाली टपटप पडायला लागलं की समजायचं, वर थवा बसलाय. तांबटाचा टुक्-टुक् आवाज तर घरबसल्या ऐकू येतो. तो वाळक्या फांदीला गोल भोक पाडून घरटं करतो, म्हणून फेब्रुवारी ते मेमध्ये झाडांच्या वाळक्या फांद्या उतरवू नका, कुणी उतरवत असेल तर आधी भोक आहे का ते बघायला सांगा. माझ्या फेरीतल्या एका शेवग्याची फांदी मी पोचायच्या आधीच उतरवली गेली होती. आत तीन पिल्लं होती. ते मला अजून विसरता येत नाही.

नावं कुठं शिकायची, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मेमध्ये कपिलतीर्थ मंडईत जा. डोंगरातल्या बायका करवंदं, जांभळं, तोरणं घेऊन बसलेल्या असतात. वाटा विकत घ्या आणि मग विचारा, की झाडाचं पान कसं असतं, फूल कधी येतं, तुमच्या गावात याला काय म्हणतात. दोन गावांत एकाच झाडाला दोन नावं असतात. दोन्ही लिहा, गावाच्या नावासकट. शिवाजी विद्यापीठाचा साडेआठशे एकरांचा परिसर सकाळी फिरायला उत्तम. मोर हमखास दिसतात, आणि वनस्पतिशास्त्राची मुलं विचारलं तर मनापासून सांगतात. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागानं सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर मोठं काम केलंय. खेड्यात कंदीलपुष्पाला खर्चुडी म्हणतात आणि गुराखी पोरं तिचा कंद खणून खायची. उन्हाळ्यात ती जमिनीवर दिसतच नाही, कंदाच्या रूपानं खाली निजलेली असते. म्हणून माळावर 'इथं काहीच नाही' असं वाटणारी जागा पायानं उकरू नका. आणि वाळलं गवत पेटवू नका. दरवर्षी कुणीतरी माळाला काडी लावतं. गवत 'साफ' होतं, पण त्यात होल्याचं घरटं, सरड्याची अंडी, सुरवंटांचे कोष सगळंच जातं. आपल्या गल्लीतल्या पोरांना आधीच जवळ बसवून हे सांगितलं तर ती ऐकतात. आमच्या गल्लीत गेली तीन वर्षं प्लॉट पेटलेला नाही.

आता टिटवीबद्दल, कारण यात माझी चूक झाली आणि ती तुमच्याकडून होऊ नये.

चौथ्या उन्हाळ्यात, २१ एप्रिलला, प्लॉटवर टिटवीची अंडी सापडली. घरटं असं नाहीच. मुरमात तळव्याएवढा खळगा, भोवती खडे, आणि मधे चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. मातकट रंग, त्यावर काळे डाग. दोन पावलं मागं सरकले तर मलाच दिसेनात. मला इतका आनंद झाला की रोज जाऊन पाच फुटांवरून फोटो काढायला लागले. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडायच्या. मी समजायचे, मी काही त्रास देत नाही, त्यांना सवय होईल. विजेच्या तारेवर दोन कावळे रोज बसलेले असायचे, त्यांच्याकडं मी लक्ष दिलं नाही. सहाव्या दिवशी खळग्यात एकच अंडं होतं, सातव्या दिवशी तेही नव्हतं. कावळ्यांना जागा मी दाखवली होती.

पुढच्या वर्षी टिटव्या पुन्हा आल्या. मी गच्चीवरून, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बघितलं, एकदाही खाली उतरले नाही. आणि गच्चीवरूनच ते दिसलं, जे जवळ जाऊन कधीच दिसलं नसतं. दुपारी दोनला, पारा चाळिशीला टेकलेला असताना, एक टिटवी चालत गळक्या पाइपच्या डबक्यात गेली, पाण्यात बसली, पोटाची पिसं भिजवली आणि ठिबकत्या अंगानं परत येऊन अंड्यांवर बसली. जरा वेळानं जोडीदारानं तेच केलं. भर दुपारी तापलेल्या मुरमावर अंडी उबवायची नसतात, गार ठेवायची असतात. चार आठवड्यांनी पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी आईमागं चालत प्लॉट सोडून गेली. तर नियम असा, की पक्षी ओरडायला लागला म्हणजे आपण जास्त जवळ आलोय. तिथूनच मागं फिरायचं, कावळा आसपास असेल तर थांबायचंही नाही, आणि घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही.

तो गळका पाइप पुढं दुरुस्त झाला. तेव्हापासून मी कंपाउंडच्या बाहेर मातीची पसरट परळ ठेवते. पाणी दोन बोटं, आत चार खडे, मधमाश्यांना बसायला. रोज सकाळी परळ घासून पाणी बदलायचं, नाही तर डास होतात.

दुपारी बाहेर पडू नका म्हटलं, त्याला एकच अपवाद. ६ मेच्या आसपास कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला पाच मिनिटं अंगणात उभी काठी धरा, तिची सावली नाहीशी होते. त्या वेळी झाडाची सावली बरोबर झाडाखाली पडलेली असते. कुठल्या झाडाची गर्द आणि कुठल्याची जाळीदार, हे एका नजरेत कळतं. अंगणात काय लावायचं हे ठरवायला तो दिवस चांगला.

आणि मग वळीव. दुपारी चारला ढग भरून येतात, धुळीचा लोट उठतो, एखादी गार पडते आणि अर्ध्या तासात सगळं थांबतं. मातीच्या वासात सगळेच रमतात, पण तुम्ही त्या आणि पुढच्या दोन-तीन संध्याकाळी सव्वासातला कडुलिंबाखाली किंवा बाभळीखाली जाऊन उभे राहा. आधी काही नसतं. अंधारून आलं की जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघायला लागतात, एक, दहा, मग मोजता येत नाहीत. भुर्र आवाज करत फांद्यांवर जाऊन बसतात आणि पाला खायला लागतात. कान लावला तर कुरतडण्याची बारीक सरसर ऐकू येते. ही हुमणी. हिच्या अळ्या उसाची मुळं खातात, म्हणून आपल्याकडचे शेतकरी याच दिवसांत रात्री झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडतात आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतात. माझे दीर कागलकडं ऊस करतात, ते वळीव झाला की मलाच फोन करून विचारतात, 'वैनी, तुमच्या लिंबावर आलं काय?' गेल्या वर्षी मी त्यांना तारीख सांगितली, त्यांनी त्याच रात्री बांधावरची बाभूळ हलवली. आमच्या लिंबावर तर एक पिंगळा रोज हजर असतो. खांबावर बसतो, झेप घेतो, भुंगेरा उचलतो, परत खांबावर.

वळवानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी पुन्हा प्लॉटवर जा. मुरमातून सुईसारखे हिरवे कोंब वर आलेले असतील. ते कशाचे, हे आत्ता ओळखू येणार नाही. प्रत्येकाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर पेन्सिलनं तारीख लिहा आणि वहीत जागा मांडून ठेवा. जूनमध्ये गवत गुडघ्याएवढं वाढतं, तेव्हा त्या काड्या हुडकायला लागतात. म्हणून भिंतीपासून किती पावलं, कुठल्या दगडाच्या उजवीकडं, हेही लिहा. माझ्याकडं गेल्या मेमधल्या चौदा काड्या आहेत. नऊ जणांची नावं लागली, पाच कोंब अजून नुसत्या तारखेवर आहेत. यंदाच्या वळवाची वाट बघतेय.